लष्करी अळीवरची ‘तात्पुरत्या परवानगी’ची औषधे: गोव्यातल्या मक्याला कोणते घ्यावे, कोणते टाळावे

आधी निकाल, मग कारणे. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीसाठी तातडीच्या यादीतून जी तीन फवारणीची औषधे आली, त्यांपैकी क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 एससी पैसे वसूल करते (आकडा म्हणजे औषधातल्या घटकाचा टक्का; एससी, झेडसी, एफएस ही औषध कोणत्या रूपात आहे त्याची अक्षरे). स्पिनेटोरम 11.7 एससी त्याच तोडीचे आहे, पण ते जास्त सांभाळून वापरावे लागते. थायामेथोक्झाम 12.6 अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रिन 9.5 झेडसी हे जोडऔषध गोव्यात तरी घेऊ नये, असे आमचे मत आहे. औषधे बाजूला ठेवून ‘शेतकऱ्याला मिळालेली सेवा’ म्हणून यादीकडे पाहिले तर ती अर्धवट आहे. ती दाण्यासाठी पिकवलेल्या मक्याच्या हिशेबाने लिहिली गेली. आपल्याकडचा मका एकतर हिरव्या कणसाचा, भाजून-उकडून खायचा, नाहीतर हिरवा चारा म्हणून गोठ्यात जाणारा. सगळी गडबड तिथून सुरू होते.

ही यादी आली कशी, हे थोडक्यात. ही कीड भारतात पहिल्यांदा मे 2018 मध्ये कर्नाटकात, शिवमोग्याच्या भागात सापडली. त्याआधी दोन वर्षे तिने आफ्रिका धुऊन काढली होती. आपल्याकडे कीटकनाशक विकायचे तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली फरिदाबादच्या नोंदणी समितीकडून परवानगी लागते, आणि ती परवानगी नुसत्या औषधाला मिळत नाही. अमुक पीक, अमुक कीड, अमुक मात्रा, काढणीआधी अमुक दिवस थांबायचे, असे सगळे मिळून ती असते. याला बाजारात ‘लेबल क्लेम’ म्हणतात. तो मिळवायला अनेक ठिकाणच्या, एकाहून जास्त हंगामांच्या चाचण्या आणि पिकात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची आकडेवारी लागते. अळी मात्र एका महिन्यात पिढी पुरी करते. म्हणून इतर पिकांसाठी आणि इतर किडींसाठी देशात आधीच नोंदलेल्या काही औषधांना या किडीपुरती ॲड-हॉक, म्हणजे तात्पुरती, मान्यता देण्यात आली. फवारणीची ही तीन, आणि बियाण्याला लावायचे सायंट्रानिलिप्रोल 19.8 अधिक थायामेथोक्झाम 19.8 एफएस. पुढे कायम नोंदणी होत जाते तशी यादी बदलते, म्हणून केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या संकेतस्थळावरची ‘मेजर युजेस’ ही चालू यादीच प्रमाण मानावी.

अशी तात्पुरती परवानगी जगात सगळीकडे आहे. फरक आहे तो तिला लावलेल्या कुंपणात. युरोपीय संघात अशी परवानगी जास्तीत जास्त 120 दिवसांची. इंग्लंडमध्ये साखरबीटच्या बियाण्याला थायामेथोक्झाम लावायची तातडीची परवानगी 2021 साली दिली गेली, पण रोगाचा अंदाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला तरच वापरायचे अशी अट होती. अंदाज पातळीखाली राहिला आणि त्या वर्षी औषध वापरलेच गेले नाही. जानेवारी 2025 मध्ये तर परवानगीच नाकारली. कीड ठरावीक पातळी ओलांडेपर्यंत बाटली उघडायची नाही, ही अट कागदावर असली की शेतकऱ्याचाही खर्च वाचतो. आपल्या शिफारशीतही नुकसानीची पातळी दिलेली आहे. दुकानाच्या काउंटरवर पोचेपर्यंत ती गळून पडते आणि औषधाचे नाव तेवढे उरते.

फवारणीआधी मोजणी

तेव्हा ती पातळी आधी. शेतात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालायचे, पाच जागी थांबायचे, प्रत्येक जागी सलग 20 झाडे बघायची. म्हणजे एकूण 100 झाडे आणि टक्केवारी आपोआप हातात. मोजायचे ते ताजे नुकसान. कोवळ्या पानावर पापुद्र्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्या. पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, ओल्या भुशासारखी विष्ठा म्हणजे मोठी अळी आत बसलेली. पानावर ओळीने पडलेली भोके असून पोंगा स्वच्छ असेल तर अळी निघून गेली आहे, ते झाड मोजू नये. अळी हीच का, हे पाहायला तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके शोधावेत. भिंग लागत नाही, सकाळच्या उन्हात नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

रोपे लहान असताना 100 पैकी 5 झाडांवर ताजे नुकसान दिसले तर निंबोळी अर्क 5 टक्के, किंवा 1500 पीपीएमचे ॲझाडिरॅक्टिन लिटरला 5 मिली. रासायनिक औषधाची पाळी पोंगा भरात आल्यावर, नुकसान 10 ते 20 टक्क्यांत असताना. त्याआधी यादीतले महागडे औषध मारणे म्हणजे पावसाआधीच छत्री फाडून ठेवणे.

गोव्यातल्या तुकड्यांचा आकार पाहता आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 500 चौरस मीटर जागेत 60 बाय 20 सेंटिमीटरवर पेरलेला मका म्हणजे चार हजारांच्या आसपास झाडे. अंडी पानावर पुंजक्याने असतात, एका पुंजक्यात शंभर ते दोनशे, वर राखाडी लव. दोन माणसांनी आठवड्यातून दोनदा एक-एक ओळ धरून पुंजके बोटांनी चिरडले आणि पोंग्यात वाळू-चुन्याची चिमूट टाकली, नऊ भाग वाळूला एक भाग चुना, तर पहिल्या महिन्यात बाटलीची गरज सहसा पडत नाही. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे. पण ज्याच्याकडे पाच एकर मका आहे त्याच्यासाठी लिहिलेला सल्ला 500 मीटरवाल्याने का उचलावा? एकरी पाच कामगंध सापळे हे मोजमापही आपल्या तुकड्याला लागू पडत नाही; तिथे एक सापळा पुरे, तोही पतंग आले की नाही हे कळण्यासाठी, मारण्यासाठी नव्हे.

पावसाळी मक्याला अळीचा त्रास तुलनेने कमी. जोराच्या सरीत लहान अळ्या वाहून जातात आणि पोंग्यात पाणी साचून मरतात. सरद, म्हणजे पावसाळी, भात कापल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात जो मका घालतात त्यावर ती खरी बसते. पुढचे सगळे त्या मक्याला धरून वाचावे.

क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 एससी

कोराजन या नावाने बहुतेकांना ठाऊक आहे. 2022 मध्ये पेटंट संपल्यावर याच घटकाच्या इतर कंपन्यांच्या बाटल्याही आल्या. नाव कोणतेही असो, घटक आणि टक्का तोच हवा. याच घटकाची भातात टाकायची 0.4 टक्के दाणेदार पिशवी मिळते, ती या कामाची नाही.

मात्रा लिटरला 0.4 मिली. 15 लिटरच्या पंपाला 6 मिली, 16 लिटरच्या पंपाला साडेसहाच्या किंचित खाली. हेक्टरी हिशेब 200 मिली, म्हणजे 1000 चौरस मीटरला 20 मिली औषध आणि साधारण 50 लिटर पाणी. झाकणाने मोजू नये. झाकणांचे माप कंपनीगणिक वेगळे असते आणि अर्धे झाकण म्हणजे नक्की किती हे कोणी सांगू शकत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी 10 मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्यावी, तिच्यावर रंगाने खूण करावी आणि ती फक्त याच कामाला ठेवावी.

आधी बादलीत लिटरभर पाण्यात औषध ढवळायचे, मग अर्ध्या भरलेल्या टाकीत ओतायचे आणि वरून पाणी घालायचे. बाटली आधी हलवून घ्यावी. एससी म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण असतात, ते महिनाभर उभ्या ठेवलेल्या बाटलीत तळाशी बसतात. न हलवता ओतले तर पहिल्या पंपात नुसते पाणी जाते आणि शेवटच्या पंपात दामदुप्पट औषध.

हे औषध चालले नाही अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुतेकदा फवारण्याच्या पद्धतीत असतो. भाजीवर मारतात तसा वरून झुलवत झुलवत पंप मारला की पाने भिजतात आणि पोंगा कोरडा राहतो. अळी पोंग्यात आहे. नोझल पोंग्याच्या वर वीतभर अंतरावर धरून प्रत्येक झाडाच्या तोंडात क्षणभर सोडायचे, पोंग्यातून पाणी खाली ओघळू लागले की पुढचे झाड. लान्स (पंपाची दांडी) हलत राहिला पाहिजे, पण पायाच्या गतीने. हाताच्या झुल्याने नको. यात पाणी थोडे जास्त लागते. पाणी वाढले तरी 1000 मीटरचा 20 मिलीचा आकडा ओलांडू नये. शेवटी जागेवर किती औषध पडले तेच महत्त्वाचे.

दुसरी चूक दुसऱ्या दिवशी होते. शेतकरी पोंगा उघडून पाहतो, अळी जिवंत दिसते, आणि तो धावत जाऊन दुसरे काहीतरी मारतो. हे औषध पोटात गेल्यावर अळीचे स्नायू आखडतात, काही तासांत तिचे खाणे थांबते, पण ती मरायला दोन ते चार दिवस घेते. म्हणून फवारणीनंतर अळी पाहू नये, विष्ठा पाहावी. तिसऱ्या दिवशी पोंग्यातली विष्ठा वाळून फिकी झाली असेल आणि नवी ओली विष्ठा नसेल तर औषधाने काम केले आहे. अळी चौथ्या अवस्थेच्या पुढे, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लांब झाली असेल आणि तिने विष्ठेचे बूच पोंग्यात बसवले असेल, तर कोणतेच औषध पुरेसे पोचत नाही. तिथे हाताने काढणे हाच उपाय.

त्याच पिढीवर आणि तिच्या लगेच पुढच्या पिढीवर हे पुन्हा मारू नये. दुसऱ्यांदा लागलेच तर स्पिनेटोरम. दोन्हींची मारण्याची रीत वेगळी आहे, त्यामुळे वाचलेल्या अळ्यांना सवय लागत नाही. कुळागरवाल्यांनी (पोफळीच्या बागा असणाऱ्यांनी) आणखी एक पाहावे: ज्या पंपाने बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे मिश्रण, मारले तो नुसता खळबळून मक्यात नेऊ नये. चुन्याचा निळसर थर नोझलमध्ये अडकतो आणि धार वाकडी पडते. तणनाशकाचा पंप तर वेगळाच हवा. ग्लायफोसेटचा अंश राहिलेला पंप मक्यात गेला की अळीच्या आधी मका जातो.

बाटलीवर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे माणसाला होणाऱ्या विषबाधेच्या हिशेबाने सर्वांत सौम्य वर्गातले. यावरून लोक समजतात की ते सगळ्यालाच निरुपद्रवी. तसे नाही. पाण्यातल्या कवचधारी जिवांना ते फार घातक आहे, आणि आपल्याकडे शेताच्या खालच्या अंगाला व्हाळ (ओढा), व्हाळाच्या टोकाला खाजन (भरतीच्या पाण्याकाठची सखल जमीन) आणि मानशीपाशी (तिथल्या पाण्याच्या दारापाशी) कोळंबी. पंप व्हाळात धुवायचा नाही. धुतलेले पाणी त्याच मक्याच्या बांधावरच्या तणात ओतायचे. पाण्याकडच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत फवारणी न करता अंडीपुंज हाताने चिरडणे सोपे पडते.

पॅकिंगबद्दल एक चांगले मत द्यायला हवे: 10 आणि 30 मिलीच्या बाटल्या निघतात. गोव्यातल्या तुकड्याला हेच माप पाहिजे. दुकानदार 60 किंवा 150 मिलीची पुढे करील, ‘परवडते’ म्हणून. 1000 मीटरला 20 मिली लागत असताना उरलेली 130 मिली दिसेल त्यावर जाते. ज्या परवानगीत फक्त मका आणि फक्त ही अळी लिहिली आहे ती अशीच वाया जाते.

स्पिनेटोरम 11.7 एससी

डेलिगेट नावाने मिळते. मात्रा लिटरला अर्धा मिली, 15 लिटरला साडेसात. मातीतल्या एका सूक्ष्मजीवाच्या आंबवणातून मिळणाऱ्या घटकापासून हे बनवतात, पण म्हणून ते ‘सेंद्रिय’ ठरत नाही. काउंटरवर तसे सांगितले जाते ते चूक. अळी लवकर लुळी पडते, दुसऱ्याच दिवशी फरक दिसतो, म्हणून शेतकऱ्याला ते जास्त आवडते.

उन्हाने ते लवकर विरते. सकाळी दहाला मारलेले औषध दुपारच्या उन्हात बरेच कमी होते, संध्याकाळी मारलेले रात्रभर काम करते. अळीही रात्रीच जास्त फिरते. मधमाशीच्या बाबतीत वेळ त्याहून महत्त्वाची. ओले असताना ते माशीला मारते, वाळल्यावर धोका खूप उतरतो. मक्याला मध नसला तरी तुऱ्यावर पराग गोळा करायला माश्या सकाळी येतात. तुरा बाहेर आला असेल तर हे औषध सूर्य मावळतीला गेल्यावरच, नाहीतर नकोच. किंमत क्लोरँट्रानिलिप्रोलपेक्षा चढी पडते. म्हणून पहिली फवारणी त्याची आणि गरज पडलीच तर दुसरी याची, हा क्रम खिशालाही बरा.

थायामेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिनचे जोडऔषध

अलिका हे त्याचे ओळखीचे नाव. स्वस्त, आणि दुकानात हमखास असणारे. यादीत आहे, म्हणजे मारणे बेकायदा नाही. तरी नको, याची कारणे अशी. लॅम्बडा अंगाला लागून मारणारे औषध आहे आणि पोंग्यात बुचाखाली बसलेल्या अळीच्या अंगाला ते लागत नाही. थायामेथोक्झाम झाडात भिनते, पण त्याचा खरा जोर रस शोषणाऱ्या किडींवर, पाने कुरतडणाऱ्या मोठ्या अळीवर नव्हे. दोन्ही मिळून कोळी, ढालकिडे, परोपजीवी गांधीलमाश्या, मधमाश्या, सगळ्यांना मारतात आणि लॅम्बडा मासे-कोळंबीला अत्यंत विषारी. अळीवर घाव कमी आणि तिच्या शत्रूंवर जास्त, असा हा व्यवहार. तीन आठवड्यांनी दुसरी पिढी येते तेव्हा शेतात तिला खाणारे कोणी उरलेले नसते.

बियाण्याला लावायच्या औषधाबद्दल दोन ओळी पुरेत. उगवणीनंतर दोन-तीन आठवडे ते रोपाला राखते, पण ते घरी मिसळू नये, प्रक्रिया केलेले बियाणे मिळाले तरच घ्यावे. रंगीत उरलेले बी कोंबड्यांपुढे टाकायचे नाही.

आमिषाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवे. पोंगा भरात असताना आत बसलेल्या मोठ्या अळ्यांसाठी शिफारशीत विषारी आमिष आहे: 10 किलो भाताचा कोंडा, 2 किलो गूळ, दोन-तीन लिटर पाणी, 24 तास आंबवायचे आणि वापरायच्या अर्धा तास आधी 100 ग्रॅम थायोडीकार्ब मिसळून पोंग्यात टाकायचे. अळी खाते, प्रश्न नाही. पण आंबलेल्या गूळ-कोंड्याचा वास मोकाट गुरांना, मोरांना, शेजारच्या कुत्र्यांना तितकाच गोड. गोव्यातले मक्याचे तुकडे बिनकुंपणाचे, नाहीतर तारेच्या दोन ओळींचे. थायोडीकार्ब कार्बामेट गटातले आहे. गाय अर्धी पाटी खाऊन गेली तर तोंडाला फेस, थरथर आणि पुढचे सगळे. आणि चाऱ्याच्या मक्यात तर हे पूर्ण वर्ज्य. पोंगा भरात आल्यावर चारा कापायची वेळ जवळच आलेली असते, विष घालून मग तोच पोंगा गोठ्यात नेणार का?

हिरवे कणीस आणि चारा: यादीतली मोठी उणीव

दाण्याचा मका वाळवून काढतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात दोन महिने सहज जातात, अंश उतरायला वेळ मिळतो. गोडा मका पेरल्यापासून सत्तर-ऐंशी दिवसांत हिरवा तोडतात, बेबी कॉर्न त्याच्याही आधी. चारा पन्नास-साठ दिवसांत जातो, तोही पोंग्यासकट, म्हणजे ज्या भागात औषध साचते तोच भाग गाईच्या तोंडात. माहितीपत्रकावर काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ मक्यासाठी लिहिलेला असेल, तो वाचावा आणि दाण्यासाठी लिहिला आहे हे धरून चालावे. आमचा नियम कडक आहे: चाऱ्याच्या मक्यात रोप लहान असतानाची निंबोळी सोडून दुसरे काहीच नाही. नुकसान फार झाले तर आठवडाभर आधी कापून टाकावा, कुरतडलेली पाने गाय आवडीने खाते. गोड्या मक्यात कणसाला केस दिसू लागले की रासायनिक फवारणी बंद. त्यानंतर शेंड्यातून अळी शिरलेले कणीस टोक कापून विकता येते, कणसातला औषधाचा अंश कापून टाकता येत नाही.

काउंटरवर काय विचारायचे

दुकानात गेल्यावर आपण कीड सांगतो आणि दुकानदार बाटली काढतो. मधला प्रश्न कोणी विचारत नाही: हे औषध या पिकावर, या किडीला चालते असे कुठे लिहिले आहे? बाटलीला चिकटवलेले माहितीपत्रक उघडून दाखवायला सांगावे. त्यात मक्यापुढे फॉल आर्मीवर्म (या अळीचे इंग्रजी नाव) छापलेले असले तर प्रश्न मिटला. छापलेले नसेल आणि ‘सरकारने परवानगी दिली आहे’ असे उत्तर आले, तर ती परवानगी कधीची आणि कधीपर्यंतची हे कागदावर पाहायला मागावे. ॲड-हॉक यादीची झेरॉक्स वर्षानुवर्षे काचेखाली पडून असते. बाटलीवरची एक्सपायरी म्हणजे औषध कधीपर्यंत टिकते त्याची तारीख. परवानगी कधी संपते ती तारीख वेगळी आणि ती बाटलीवर दिसत नाही. या दोन तारखांची गल्लत दुकानदारही करतो आणि ग्राहकही.

सीआयआरने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेली बाटली परत ठेवावी, तिच्यावर कितीही हिरवी पाने छापलेली असोत. ‘अळीवर रामबाण, शंभर टक्के जैविक’ अशा बाटल्यांना बऱ्याचदा खत किंवा जैवउत्तेजक म्हणून आणलेले असते. कीड मारण्याचा दावा त्यांनी करायचाच नसतो. बिलावर बॅच नंबर लिहून घ्यावा. औषध निकामी निघाले तर विभागीय कृषी कार्यालयात तक्रार करायला तोच एक पुरावा. शंका असेल तर जुने गोवे किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात कुरतडलेले पान आणि अळी डबीत घालून न्यावी, फोटोवर निदान मागू नये.

ड्रोनलाही हेच लागू. एप्रिल 2022 मध्ये केंद्राने 477 नोंदणीकृत औषधांना ड्रोनने मारण्याची दोन वर्षांची अंतरिम परवानगी दिली, पुढे चालू ठेवायचे तर कंपन्यांनी परिणामकारकतेची आणि पिकाला इजा होते की नाही याची माहिती द्यावी, या अटीवर. म्हणून ड्रोनवाला आला की त्याला आजची परवानगी दाखवायला सांगावे. गोव्यात त्यापुढचाही प्रश्न असतो. एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यातले दाट औषध वाऱ्याने शेजारच्या कुळागरात, विहिरीवर जाते, आणि तुमच्या तुकड्याच्या चारही बाजूंना कोणी ना कोणी असतोच.

मक्याचे निदान यादीपुरते तरी भाग्य. गोव्याची खरी पिके म्हणजे पोफळी, काजू, कोकम. ती देशाच्या हिशेबात लहान, त्यामुळे त्यांच्यासाठी लेबल क्लेम मिळवायला कंपन्या खर्च करत नाहीत. ज्या औषधाची ज्या पिकासाठी मर्यादा ठरलेली नाही तिथे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा सरसकट आकडा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, जवळजवळ शून्यच. म्हणून ‘मक्याला चालते तर काजूलाही चालेल’ असे म्हणून उरलेली बाटली बागेत नेऊ नये. पोफळीच्या कोळेरोगाला (सुपारी सडून गळते त्या रोगाला) अजून तरी बोर्डोच: 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो चुना वेगळ्या 50 लिटरात, प्लास्टिकच्या पिंपात, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचे, उलटे कधीच नाही. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी 40 ते 45 दिवसांनी, उघडीप पाहून. मिश्रणात लोखंडी कोयत्याचे पाते मिनिटभर बुडवून काढावे. पात्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळा आहे, घोस करपतील; थर येईनासा होईपर्यंत चुन्याचे पाणी वाढवावे. तयार केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा गडी, दुपारनंतर येणार असेल तर ते दुपारीच करायला घ्यावे.